तो अर्ज पाठवू नका

ताई,
माझा मुलगा दहा वर्षांचा आहे, पाचवीत. वर्गात चाळीस मुलं, पण याला मित्र एकच. तो मुलगा गेल्या वर्षी मध्येच या शाळेत आला. अबोल आहे, अभ्यासात मागे आहे, खेळात तर दोघंही कच्चेच. मधल्या सुट्टीत बाकीची मुलं मैदानभर धावतात आणि हे दोघं कुंपणापाशी बसून मुंग्यांच्या रांगा बघतात, वहीत त्यांचे नकाशे काढतात. वाढदिवसाची बोलावणी वर्गात फिरतात, आमच्याकडे एक येत नाही. वर्गशिक्षिका म्हणाल्या, 'जरा मिसळायला शिकवा त्याला.' पुढच्या वर्षी तुकड्या बदलणार आहेत. कुणाला कुणाबरोबर ठेवायचं किंवा ठेवायचं नाही, हे पालकांनी महिनाअखेरपर्यंत लेखी कळवायचं आहे. या दोघांना वेगळं करा, असा अर्ज मी लिहून ठेवलाय. नाइलाजानं का होईना, तो चार मुलांशी बोलायला लागेल. नवरा म्हणतो, राहू दे. मुलाला विचारलं तर 'मला बरं वाटतं त्याच्याबरोबर' एवढंच. मी स्वतः शाळेत फार एकटी होते हो. ते त्याच्या वाट्याला येऊ नये, एवढंच वाटतं. बाकी तक्रार काही नाही. मागे रविवारी संध्याकाळी त्याचं पोट दुखायचं, तेही आता थांबलंय. देऊ ना अर्ज?
— एक आई

नका देऊ.

एरवी मी इतक्या घाईनं उत्तर देत नाही, पण तुमच्याकडे महिनाअखेरपर्यंतचाच वेळ आहे. आधी उत्तर तुमच्या हाती पडू दे, कारणं मग सावकाश वाचा.

तुमचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. त्यातली दोन वाक्यं एकमेकांपासून फार लांब पडली आहेत. सुरुवातीला तुम्ही लिहिता, तो मुलगा गेल्या वर्षी मध्येच शाळेत आला. आणि अगदी शेवटी, जाता जाता, मुलाची रविवार संध्याकाळची पोटदुखी थांबल्याचं सांगता. ही दोन वाक्यं शेजारी ठेवून बघा. पोटदुखीसाठी औषध दिलं असेल, डॉक्टरांकडे नेलं असेल, तर त्या तारखा शोधा. शेवटचं कधी दुखलं? आणि त्या मुलाचं नाव घरात पहिल्यांदा कधी ऐकलंत? सुट्टी संपत आली की दुखणारं आणि सुट्टी लागली की बरं होणारं पोट मी वर्गात शिकवताना पुष्कळ पाहिलं आहे. ते ढोंग नसतं, पोट खरंच दुखतं. उद्या शाळेत आपल्याला शेजारी बसवून घेणारं कुणी नाही, हे मुलाला शब्दांत सांगता येत नाही, म्हणून पोट सांगतं.

तुमचा मुलगा वर्गात लोकप्रिय नाही, हे खरं आहे. पण त्याला मित्र नाही, हे खरं नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपण मोठी माणसं त्यांची नेहमी गल्लत करतो. १९३०च्या दशकात जेकब मोरेनो या मनोविकारतज्ज्ञांनी शाळेतल्या मुलांना एक साधा प्रश्न विचारला होता: तुला कुणाशेजारी बसायला आवडेल? उत्तरांवरून त्यांनी प्रत्येक वर्गाचं चित्र काढलं. एकेका मुलासाठी एक खूण, आणि ज्याचं नाव घेतलं त्याच्याकडे जाणारा बाण. काही मुलांकडे ढीगभर बाण येत होते, काहींकडे एकही नाही. माझं लक्ष या चित्रांत नेहमी तिसऱ्याच गोष्टीकडे जातं. एखादा बाण जातो आणि तसाच परतही येतो. याने त्याचं नाव घेतलं, त्यानं याचं. तुमच्या मुलाच्या वाट्याला बाण एकच असेल, पण तो दोन्हीकडून आहे. ढीगभर बाण येऊनही असा एकही जोडबाण नसलेली मुलं प्रत्येक शाळेत असतात. त्यांच्या घरून मात्र अशी पत्रं येत नाहीत, कारण वाढदिवसाची बोलावणी त्यांना भरपूर येतात.

ही नुसती माझी समजूत नाही. १९९३ साली जेफ्री पार्कर आणि स्टीव्हन ॲशर या दोन मानसशास्त्रज्ञांनी तिसरी ते पाचवीच्या ८८१ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला, म्हणजे अगदी तुमच्या मुलाच्याच वयाची मुलं. वर्गात फारशी न आवडणारी अनेक मुलं अशी निघाली, की त्यांना एक जिवलग मित्र होता आणि त्या मैत्रीत ती समाधानी होती. मूल किती एकटं पडतं, यात तीन गोष्टींचा वेगवेगळा वाटा दिसला: वर्गाला ते किती आवडतं, त्याला मित्र आहे की नाही, आणि ती मैत्री कशी आहे. यातली पहिली तुमच्या मुलाकडे कमी आहे. उरलेल्या दोन त्याला गेल्या वर्षी मिळाल्या आणि तुमच्या अर्जानं नेमक्या त्याच जातील. पहिली त्या बदल्यात मिळेलच, असं मात्र नाही.

मित्र जवळ असण्यानं शरीरात काय होतं, तेही पाहिलं गेलं आहे. माँट्रियलच्या कॉनकॉर्डिया विद्यापीठातल्या संशोधकांनी पाचवी-सहावीच्या १०३ मुलांना चार दिवस वह्या दिल्या. दिवसातून काही वेळा मुलांनी लिहायचं: आत्ता काय घडलं, बरं वाटलं की वाईट, जवळ कोण होतं. सोबत लाळेचा नमुनाही घेतला जाई, कारण ताण आला की शरीरात वाढणारं कॉर्टिसोल लाळेतून मोजता येतं. २०११ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. काही वाईट घडलं आणि जिवलग मित्र जवळ नसला, तर कॉर्टिसोल वाढायचं आणि मुलाला स्वतःविषयी कमीपणा वाटायचा. तसंच काही घडलं पण मित्र शेजारी असला, तर फरक फार कमी पडायचा. मित्रानं काही शहाणपणाचं बोलायची गरज नव्हती, त्यानं तिथं असणं पुरत होतं. तुमचा मुलगा 'मला बरं वाटतं त्याच्याबरोबर' म्हणाला आणि तुम्ही पुढे 'एवढंच' लिहिलंत. दहा वर्षांच्या मुलानं याहून नेमकं काय सांगावं!

इथं मला माझी एक चूक सांगायची आहे. मी शिकवत होते तेव्हा वर्गात दोन मुली एका बाकावर बसायच्या आणि तासभर कुजबुजायच्या. मी कंटाळून एकीला पहिल्या बाकावर आणलं, दुसरीला शेवटच्या बाकावर पाठवलं. कुजबुज थांबली. पुढे आलेली मुलगी महिन्याभरात दुसऱ्या घोळक्यात रमली. मागची मुलगी बोलायचीच थांबली. प्रश्न विचारला तर उत्तर द्यायची, तेवढंच. वर्षाच्या शेवटी तिच्या प्रगतिपुस्तकात मी लिहिलं, 'वर्तनात सुधारणा.' ते माझं अक्षर मला आजही दिसतं. मी तिच्याकडची एकमेव गोष्ट काढून घेतली होती आणि त्याला सुधारणा म्हणाले होते. तुम्हाला एवढ्या ठामपणे नको म्हणते आहे ते त्या मुलीमुळे.

तुमच्या मुलाच्या शिक्षिकांना मी दोष देत नाही. चाळीस मुलांचा वर्ग एका नजरेत बघताना कडेला बसलेले दोघं 'न मिसळणारे' दिसतात. पण दोघं आहेत, हे त्या नजरेतून निसटतं.

आता त्या मित्राविषयी. तो अभ्यासात मागे आहे हे तुम्ही लिहिलंत, आणि खरी टोचणी तिथंही असावी, असं मला वाटलं. संगतीचा परिणाम होतो का? होतो. मुलं मित्रांसारखी होत जातात, हे खोटं नाही. जिथं मैत्रीचा धागाच कुणाला तरी त्रास देणं, चोरून काही करणं, तिसऱ्याची टिंगल करणं हा असतो, तिथं काळजी करायलाच हवी. पण तुम्ही वर्णन केलेली ही दोन मुलं काय करतात ते बघा. रोज एका जागी बसून निरीक्षण करतात, नोंद ठेवतात, आणि नकाशा एकच काढायचा तर रांग कुठून निघाली आणि कुठं वळली यावर दोघांचं एकमत व्हावं लागतं. मुंग्या जाताना वासाचा माग सोडत जातात आणि मागच्या मुंग्या त्या मागानं येतात. या दोघांनी तो माग पुसून बघितला आहे का, हे मला त्यांना विचारायचं आहे. गुणपत्रिकेत याला रकाना नाही, म्हणून तो मुलगा तुम्हाला 'मागे' दिसतो.

मैत्री कशी आहे हे जोखायचं असेल तर गुण बघू नका, काही वेगळं बघा. काय करायचं ते दर वेळी एकटाच ठरवतो का? भांडण झालं तर कोण आधी बोलतं, आणि नेहमी तोच बोलतो का? तुमचा मुलगा त्या मित्राकडून आल्यावर मोकळा असतो, की गप्प आणि चिडचिडा? एक दुसऱ्याला 'तू असं केलं नाहीस तर मी तुझा मित्र नाही' असा धाक घालतो का? या प्रश्नांची उत्तरं वाईट आली, तर मला पुन्हा लिहा, माझं मत मी बदलेन. तुमच्या पत्रावरून तरी तसं काही दिसत नाही.

हॅरी स्टॅक सलिव्हन नावाचे एक अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ होते. त्यांची व्याख्यानं त्यांच्या निधनानंतर १९५३ साली प्रसिद्ध झाली. साधारण साडेआठ ते दहा वर्षांच्या आसपास मुलाला पहिल्यांदा एका जिवलगाची गरज लागते, असं त्यांनी मांडलं. त्याआधी मुलं बरोबर खेळतात. या वयात पहिल्यांदा दुसऱ्याचं सुख आपल्या सुखाइतकं महत्त्वाचं वाटू लागतं. आणि लहानपणी मनाला बसलेले काही घाव अशा मैत्रीत भरून येऊ शकतात, असंही ते म्हणत. तुमचा मुलगा दहा वर्षांचा आहे. वेळेवर मिळालेली गोष्ट आहे ही.

एक प्रश्न विचारते, राग मानू नका. तुम्ही लिहिलंत, 'मी शाळेत फार एकटी होते.' ते दिवस आठवा. तुम्हाला घोळका नव्हता म्हणून ते जड गेले, की कुंपणापाशी शेजारी बसायला एकही जण नव्हता म्हणून? वर्गातल्या प्रत्येकाशी बोलणं व्हावं असं तेव्हा वाटत होतं, की मधल्या सुट्टीची घंटा झाल्यावर आपली वाट बघणारं कुणीतरी एक असावं असं? मला उत्तराचा अंदाज आहे, पण ते तुम्हीच द्यायचं. कारण तुम्हाला जे मिळालं नाही ते त्याला मिळालेलं आहे, आणि तुमच्या हातातला अर्ज त्याला तुमच्याच जागी नेऊन बसवेल. तुमच्या मनात त्याच्या भल्याखेरीज काही नाही, हे मला दिसतं. म्हणून तर उघड बोलते आहे.

पण तुमची काळजी अगदीच निराधार आहे, असंही मी म्हणणार नाही. सगळं ओझं एकाच खुंटीवर टांगलं की खुंटीचं भय वाटतंच. तो मित्र शाळा सोडून गेला तर? दोघांचं बिनसलं तर? या वयातल्या मैत्रीला वळणं फार असतात. सातवीत जुळलेल्या जोड्यांचा पाठपुरावा करणारा एक अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. बारावीपर्यंत टिकलेल्या जोड्या जेमतेम १ टक्का होत्या. तेव्हा दुसरा, तिसरा मित्र असावा, हे बरोबर. फक्त आहे त्याला तोडून दुसरा मिळत नाही. पाठीशी कुणी आहे, हे माहीत असलेलं मूलच अनोळखी मुलाकडे जायला धजावतं. एकटं पडलेलं मूल घाबरलेलं असतं, आणि घाबरलेल्या मुलाला नवी ओळख करणं सगळ्यात अवघड जातं.

मग करायचं काय? वर्गातली ज्याला किडे, पानं, दगड, चित्रं असलं काही आवडतं अशी तिसरी एखादी मुलगी किंवा मुलगा शोधा. हे काम शिक्षिका तुमच्यापेक्षा चांगलं करतील, त्यांना थेट विचारा. या तिघांना घरी बोलवा, चौघांना नको. हाताला काहीतरी काम द्या आणि तुम्ही खोलीबाहेर राहा. 'बोला की रे एकमेकांशी' हे वाक्य तर उच्चारूच नका. पहिल्या खेपेला जमलं नाही तर महिन्याभरानं पुन्हा बोलवा.

दुसरं, खेळात शिरायचं कसं, हे शिकवता येतं. १९८१ साली मार्था पुटालाझ आणि जॉन गॉटमन या मानसशास्त्रज्ञांनी दोन मुलांचा खेळ चालू असताना तिसरं मूल त्यात कसं शिरतं, याचं बारकाईनं निरीक्षण केलं. नाकारली जाणारी मुलं बहुधा चालू खेळ तोडायची, स्वतःविषयी बोलू लागायची, प्रश्न विचारायची. सामावली जाणारी मुलं आधी काय चाललंय ते बघायची आणि त्याच खेळाला धरून काही करायची. 'मला घेता का?' या प्रश्नाला 'नाही' म्हणणं फार सोपं असतं. लांब गेलेला चेंडू आणून देणाऱ्याला नाही कुणी म्हणत नाही. हे घरी सहज बोलता बोलता सांगा, उपदेशाच्या सुरात नको. आणि तुमच्या मुलाला निरीक्षणाची सवय आधीपासून आहेच, निम्मं काम झालेलं आहे.

तिसरी गोष्ट तुमच्या शिक्षिकांच्या हातात आहे. व्हँकूव्हरच्या शाळांमध्ये नऊ ते अकरा वर्षांच्या चारशेहून अधिक मुलांबरोबर चार आठवडे एक प्रयोग झाला, तो २०१२ साली प्रसिद्ध झाला. काही मुलांनी दर आठवड्याला कुणासाठी तरी तीन चांगल्या गोष्टी करायच्या, बाकीच्यांनी नुसत्या तीन ठिकाणी जाऊन यायचं. आनंद दोन्ही गटांचा वाढला. पण चांगलं काही करणाऱ्या मुलांबरोबर काम करायला आवडेल असं म्हणणारे वर्गमित्र जास्त वाढले. हे काम सगळ्या वर्गाला मिळून द्यावं. तुमच्या मुलाला एकट्याला दिलं तर ती शिक्षा होईल.

आणि घरी आल्याबरोबर 'आज कुणाशी खेळलास?' ही चौकशी बंद करा. त्या प्रश्नात त्याला तुमची काळजी ऐकू येते आणि आपल्यात काहीतरी उणं आहे, असं त्याच्या मनात बसतं. त्याऐवजी मुंग्यांचं विचारा.

समजा अर्ज न देताही शाळेनं त्यांना वेगळं केलं, तर त्याला पहिल्या दिवशी वर्गात गेल्यावर कळू देऊ नका, आधी घरी सांगा. मधली सुट्टी दोघांची एकच असेल. आठवड्यातून एक संध्याकाळ ठरवून द्या, आणि ती पाहुणे आले, परीक्षा आली म्हणून मोडू नका.

मी सावध कधी होईन, तेही सांगते. पोटदुखी परत आली, झोप बिघडली, वस्तू हरवून येऊ लागल्या, मुंग्या बघणंच बंद झालं, तर. त्रास मुद्दाम आहे, पुन्हा पुन्हा आहे आणि देणारा ताकदीनं किंवा संख्येनं वरचढ आहे, असं दिसलं तर त्याला मुलांची थट्टामस्करी म्हणू नका. शाळेत जाऊन बोला, आणि दुखणं लांबलं तर समुपदेशकांची मदत घ्या. चौथी-पाचवीतल्या मुलांचा वर्षभर पाठपुरावा केलेल्या १९९९च्या एका अभ्यासात, दोन्हीकडून जुळलेला एक जिवलग असणाऱ्या मुलांना होणारी छळणूक पुढे कमी होत गेल्याचं दिसलं. म्हणजे तो अबोल, अभ्यासात मागे असलेला मुलगा तुमच्या मुलाचा पहारेकरीही असू शकतो. आणि तुमचा मुलगा त्याचा. तो मध्येच नव्या शाळेत आला होता, हे विसरू नका. त्याच्या घरी त्याची आई काय म्हणत असेल, कुणास ठाऊक. तिला एकदा फोन करा.

महिनाअखेर अर्ज द्याच, फक्त दुसरा. 'या दोघांना शक्यतो एकाच तुकडीत ठेवावं, मुलगा या मित्रामुळे शाळेत रमला आहे.' पोटदुखीचंही त्यात एका ओळीत लिहा, शिक्षिकांना ते माहीत नसणार. नवऱ्याचीही सही घ्या. ते बरोबर बोलत होते, हे त्यांना सांगितलंत तरी हरकत नाही.

मग मुलाला त्या वहीतला नकाशा दाखवायला सांगा. बहुतेक तो आधी मित्राला विचारतो म्हणेल. विचारू द्या.